कमी वाजणारी घंटी

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. देवळातली नाही, शाळेतली नाही, बैलाच्या गळ्यातलीही नाही. माझा आवाज अस्वलांसाठी आहे.

अस्वल मला घाबरतं असं समजू नका. अस्वलाला माझ्या आवाजावरून एवढंच कळतं, की कोणीतरी येत आहे. मग ते तोंडातला घास तसाच घेऊन झुडपात सरकतं आणि माणूस आपल्या वाटेने पुढे जातो. दोघांची गाठ पडत नाही. गाठ पडू न देणं, हेच माझं काम. हे काम नीट झालं तर कोणाला दिसतच नाही. त्यामुळे त्याची शाबासकी मिळण्याचाही प्रश्न येत नाही.

माझा जन्म मोरिओका शहरातल्या एका ओतशाळेत झाला. इशिदातेसान नावाच्या कारागिराने ओल्या वाळूचा साचा केला आणि त्यात पिवळंजर्द, वितळलेलं लोखंड ओतलं. साचा फोडल्यावर मी राखाडी आणि खरखरीत निघाले. अशीच राहिले असते तर पहिल्याच पावसाळ्यात गंजून गेले असते. म्हणून त्यांनी मला कोळशाच्या भट्टीत पुन्हा तापवलं. असं तापवलं की लोखंडावर निळसर काळी, पातळ साय धरते. खरं पाहिलं तर तीही लोखंड आणि प्राणवायू मिळूनच बनते, म्हणजे गंजाची बहीणच. पण ती दाट बसते आणि तांबड्या गंजाला आत शिरू देत नाही. त्या सायीवर त्यांनी झाडाच्या काळ्या चिकाचा हात दिला, मला पितळेची कडी बसवली आणि पोटात लोखंडाची जीभ अडकवली.

मग मला हलवून पाहिलं. त्यांची बायको चहा घेऊन दारातच उभी होती.

"गोड वाजते हो," ती म्हणाली.

"गोड नको," इशिदातेसान कुरकुरले. "अस्वल मांडी घालून ऐकत बसेल."

त्यांनी जीभ बदलून जरा जड घातली आणि मला पुन्हा हलवलं.

"आता?"

"आता तुमच्या आईसारखी वाजते."

"मग झाली तयार," ते म्हणाले आणि मला कागदात गुंडाळून ठेवलं.

तिथून मी केमुरी डोंगराच्या पायथ्याला आले. आमचा केमुरी हा जागता ज्वालामुखी डोंगर आहे. तो आग ओकत नाही, पण त्याच्या अंगावर ठिकठिकाणी वाफ निघते आणि पायथ्याशी गरम पाण्याचे झरे वाहतात. अशाच एका झऱ्याकाठी तात्सुएबाईंची छोटी सराई आहे. तिच्या दारात, बुटांच्या कपाटाशेजारी भिंतीवर लाकडी खुंट्यांची ओळ आहे. प्रत्येक खुंटीवर माझ्यासारखी एकेक घंटी. डोंगरावर जाणाऱ्याने सकाळी एक घंटी पिशवीला बांधायची आणि उतरल्यावर त्याच खुंटीला परत लावायची. संध्याकाळी सगळ्या खुंट्या भरल्या, की तात्सुएबाई भाताच्या भांड्याचं झाकण उघडत. त्याआधी कोणालाही वाढत नसत. एखादा पाहुणा पोटावर हात फिरवत स्वयंपाकघरात डोकावलाच, तर त्या भिंतीकडे बोट दाखवत. "ती खुंटी रिकामी आहे. तुमच्यासारखंच त्या माणसालाही भूक लागली असेल," असं म्हणत. पाहुणा निमूटपणे जाऊन बसे.

ती माझी भरभराटीची वर्षं होती. वसंतात बर्फ वितळलं की आम्ही बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून वर जायचो. ओढ्याजवळ पाण्याच्या खळखळाटात माझा आवाज बुडे, म्हणून तिथे शहाणी माणसं मला हातात घेऊन मुद्दाम हलवत. जून महिन्यात बुटक्या बांबूंना कोवळे कोंब फुटत. ते कोंब गावातल्या लोकांना आवडतात आणि अस्वलांनाही आवडतात. दोघेही एकाच झुडपात डोकं खुपसून बसलेले असत. त्या दिवसांत मला श्वास घ्यायला फुरसत नसे. शेजारचे कान्जी आजोबा तर कोंब तोडायला जाताना मला कमरेला बांधत आणि झुडपात शिरण्याआधी मोठ्याने सांगत, "बुवा, मी आलोय हो! अर्धे तुमचे, अर्धे माझे!" अस्वलाला ते बुवा म्हणत.

पुढे दिवस पालटले. शहरातून येणारे लोक स्वतःच्याच घंट्या आणू लागले. त्या पितळेच्या, चकचकीत आणि सोयीच्या असत. त्यांच्यात एक लोहचुंबक असतो. बसमध्ये किंवा आगगाडीत बसलं की जीभ त्याला चिकटवायची, म्हणजे शेजाऱ्याला त्रास नको. आमच्या देशात त्रास हा फार मोठा शब्द आहे, मित्रांनो. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होऊ नये, हे इथे मूल बोलायला लागण्याआधी शिकतं.

हळूहळू आमच्या खुंट्यांवर धूळ बसू लागली. एका पाहुण्याने मला डोंगरावर नेलं, चिखलात पाडलं आणि प्रेमाने गरम झऱ्याच्या पाण्यात धुऊन काढलं. त्याची भावना चांगली होती. पण आमच्या झऱ्याचं पाणी गंधकाचं आहे, लिंबाच्या रसासारखं आंबट. माझ्या अंगावरची काळी साय त्या पाण्याने खाल्ली. आठवडाभरात माझ्यावर तांबडे चट्टे उठले. जीभ जिथे अडकवली होती तिथेही गंज धरला आणि ती आखडली. मी वाजायची, पण कशी? ठक्. पुन्हा बऱ्याच वेळाने ठक्. तात्सुएबाईंनी मला ओळीच्या शेवटच्या खुंटीला लावलं. "बघू कधीतरी तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. पण एकटीने सराई चालवणाऱ्या बाईचा 'कधीतरी' लवकर येत नाही. मी त्यांना दोष देत नाही.

अशी मी कित्येक उन्हाळे त्या खुंटीवर होते. मग एका जूनमध्ये हिसानो आली.

हिसानो उत्सुनोमियाची. तिथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात ती मुलांचं जेवण रांधायची. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने लहानखुरी, आणि दारातून आत आल्यावर आपले बूट इतक्या हळू ठेवणारी, की मला वाटलं बुटांना झोप लागली आहे. ती संथ आगगाड्या बदलत बदलत, आइझूहून, मग यामागाताहून, मग आकिताहून, एकटीच उत्तरेकडे आली होती. मुलगी लग्न होऊन गेली, नवरा घरी. हा तिचा एकटीचा पहिला प्रवास होता. केमुरीच्या शेंड्यावर जायचं आणि परत फिरायचं, असा तिचा बेत.

हे सगळं मला कळलं, कारण संध्याकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. आत जेवणाऱ्यांना त्रास नको म्हणून ती फोन घेऊन दारात, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नवऱ्याचं नाव शिगेओ. तो इतक्या मोठ्याने बोलत होता, की फोनची गरजच नव्हती.

"पोचलीस का? की स्टेशनावर नकाशा उलटा धरून उभी आहेस?"

"पोचले. आणि नकाशा सुलटाच होता."

"जेवलीस?"

"जेवते आहे. बांबूच्या कोंबांचा रस्सा आहे. आणि धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं."

"म्हणजे दुसऱ्याच्या हातचं खायला मिळावं म्हणून इतक्या लांब गेलीस."

ती हसली. "असेलही."

"हे बघ, डोंगराबिंगरावर जाऊ नकोस. पाय मुरगळला, वाट चुकली, तर किती लोकांना कामाला लावशील? बातम्यांत येतं ना, एकट्याने गेलेली मध्यमवयीन स्त्री वगैरे. लोकांना त्रास देशील उगाच."

हिसानोने फोन बंद केला. मग आत जाण्याऐवजी ती आपल्या बुटांकडे पाहत उभी राहिली. तो माणूस वाईट नव्हता. त्याला काळजी वाटत होती. पण त्याने काळजीसाठी नेमका तोच शब्द वापरला, ज्याच्यापुढे हिसानोचं काही चालत नसे.

सकाळी ती तयार होऊन आली. पाठीवर पिशवी, डब्यात उमे नावाचं खारवलेलं आंबट फळ घातलेले भाताचे दोन गोळे. तात्सुएबाईंनी खुंट्यांकडे हात केला. "घंटी घ्या, हिसानोसान. कोंबांचे दिवस आहेत. वर बुवा जेवायला बसलेले असतात."

हिसानोने एकेक घंटी हळूच हलवून पाहिली आणि प्रत्येक वेळी दचकून हाताने दाबून धरली. "यातली सगळ्यांत कमी वाजणारी कोणती?"

"कमी वाजणारी?" तात्सुएबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "मग बटाटा बांधा की पाठीला. तो अजिबात वाजत नाही."

"तसं नाही हो. पण वाटेत दुसरेही लोक असतात ना. त्यांना..."

तिचा हात माझ्यावर आला. ठक्.

"हीच बरी," ती म्हणाली.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी कोणीतरी मला निवडलं, तेही मी वाजत नाही म्हणून. मला आनंद झाला की वाईट वाटलं, हे मला अजूनही सांगता येत नाही. तात्सुएबाई "अहो, ती गंजलेली..." म्हणेपर्यंत हिसानो वाकून नमस्कार करून बाहेर पडली होती.

जंगलात मी जमेल तेवढी वाजत होते. हिसानो चांगली चालत होती, हे मला सांगितलंच पाहिजे. ती घाई करत नव्हती. पाणी थोडं थोडं पीत होती. वळणावर थांबून मागे पाहत होती, म्हणजे परतताना वाट ओळखू येईल. जंगल संपतं तिथे वाटेच्या उजव्या अंगाला एक खोलगट जागा आहे. गावात तिला पिवळी वाटी म्हणतात. तिच्या तळातून वाफ आणि वायू निघतात, दगड गंधकाने पिवळे झालेले आहेत, आणि काठावर लाल पाटी आहे: 'वारा नसेल तर येथे थांबू नये.' त्या वेळी वारा छान वाहत होता. हिसानोने पाटी दोनदा वाचली आणि न थांबता पुढे गेली.

वाटीच्या पुढे, झऱ्यापाशी एक जोडपं बसलं होतं. त्यांच्याकडे लोकरीच्या टोपीसारखं काहीतरी घातलेला लांब मायक्रोफोन होता. ते पक्ष्यांचे आवाज टिपत होते. आम्ही जवळ गेलो. ठक्. नवऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. बस, एवढंच. 

पण हिसानो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. "माफ करा, माफ करा," असं तीन-चार वेळा वाकून म्हणाली. पुढच्या वळणावर गेल्याबरोबर तिने खिशातला रुमाल काढला, त्याची घडी घातली आणि माझ्या तोंडात कोंबला.

मला वाटलं, थोडं पुढे गेल्यावर ती तो काढेल. तिने काढला नाही. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला तिच्या चालीवरून कळत होतं. पुढेही कोणी असलं तर? त्यांनाही शांतता हवी असली तर?

शेंडा अगदी समोर दिसत होता, तेवढ्यात धुकं उतरलं. आधी शेंडा गेला, मग वाट गेली, मग हिसानोच्या काठीचं टोक दिसेनासं झालं. ती थांबली. तिने एक भाताचा गोळा खाल्ला, विचार केला आणि मागे फिरली. इथवर येऊन परत फिरायला धाडस लागतं. ते तिच्यात होतं.

झऱ्यापाशी ते जोडपं सामान आवरत होतं. धुक्यात त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. त्यांना ओलांडून जाताना हिसानोने मला वरून हाताने झाकलंसुद्धा, रुमाल असूनही. आणि तशी ती पिवळ्या वाटीच्या काठाशी आली.

तिथल्या बांबूंमध्ये अस्वल बसलेलं होतं. मजेत कोंब सोलत होतं. त्याने आम्हाला ऐकलं नाही, कारण ऐकण्यासारखं काही नव्हतं. हिसानोने त्याला पाहिलं नाही, कारण पाहण्यासारखं धुक्याशिवाय काही नव्हतं. एकदम दोघं समोरासमोर आली. अस्वल फुस्स करून उठलं. ते हिसानोइतकंच घाबरलेलं होतं, मी खात्रीने सांगते. ते उजवीकडे वर पळालं आणि हिसानो डावीकडे मागे सरकली. डावीकडे जमीन नव्हती. ती घसरत, पिवळे खडे अंगावर घेत, वाटीत उतारावर खाली गेली आणि एका दगडाला अडकली. तिचा घोटा दुमडला गेला.

आता एक गोष्ट तुम्हाला समजून घ्यावी लागेल. वाटीतला तो वायू हवेपेक्षा जड असतो. वारा असला की तो विखरून जातो. वारा पडला की तो खोलगट जागेत पाण्यासारखा साचत जातो. धुकं त्या दिवशी अगदी हलत नव्हतं, म्हणजे वारा पडला होता. हिसानोला कुजलेल्या अंड्यांचा वास आला आणि तिचे डोळे झोंबू लागले. तिने फोन पाहिला. रेंज नव्हती.

तेवढ्यात वरच्या वाटेवर पावलं वाजली. ते जोडपं खाली उतरत होतं.

हिसानोने तोंड उघडलं. "माफ करा..." ती म्हणाली. वाचनालयात शेजारच्याची खुर्ची ओढून घेताना म्हणतात, तेवढ्याच आवाजात. "जरा... माफ करा हं..."

पावलं आमच्या डोक्यावरून गेली आणि दूर होत गेली. मी रुमालाच्या आत होते. माझी जीभ कापडात रुतली होती. ज्या एका कामासाठी मला आगीतून काढलं होतं, ते काम समोर होतं आणि मला हूं की चूं करता येत नव्हतं.

थोड्या वेळाने हिसानो स्वतःशीच म्हणाली, "वास गेला वाटतं. बरं झालं."

बरं झालं नव्हतं, मित्रांनो. तो वायू वाढला की माणसाचं नाकच थकतं आणि वास कळेनासा होतो. वास थांबतो, वायू थांबत नाही. मला नाक नाही, पण माझी कडी पितळेची आहे आणि पितळेला गंधकाचा वायू लगेच लागतो. सकाळी पिवळी असलेली माझी कडी एव्हाना तपकिरी पडत चालली होती. मी तिला हे कसं सांगणार होते?

हिसानोचं डोकं जड झालं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, इतकं की समोरचा दगड दिसेना. डोळे पुसायला तिने खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. मग तिला आठवलं. तिने पिशवी पुढे ओढली आणि माझ्या तोंडातला रुमाल खेचून काढला. रुमाल माझ्या जिभेभोवती पिळला गेला होता. तिने जोर लावला तशी ती आखडलेली जीभ गंजाचा चुरा सांडत गचकन सुटली.

मी वाजले. ठक् नव्हे. कित्येक वर्षांनी खणखणीत, इशिदातेसानच्या आईसारखी वाजले.

"कोण आहे रे तिकडे?" वरून आवाज आला. कान्जी आजोबा कोंबांचं गाठोडं पाठीवर घेऊन घरी निघाले होते.

हिसानो दचकली. आणि तिच्या तोंडून काय निघालं, ऐका.

"काही नाही! मी ठीक आहे! तुम्ही व्हा पुढे!"

तिला तसं म्हणायचं नव्हतं. पण आयुष्यभर कोणी विचारलं की तिने हेच उत्तर दिलं होतं. मुलगी तापाने फणफणली तेव्हा हेच. स्वयंपाकघरात उकळतं पाणी पायावर सांडलं तेव्हाही हेच. ते शब्द तिच्या आधी धावत सुटले.

"ठीक आहे? बरं, बरं," आजोबा म्हणाले. आणि त्यांची पावलं पुढे निघाली. एक पाऊल. आणखी एक. धुक्यात त्यांच्या रबरी बुटांचा आवाज बारीक होत चालला.

हिसानोने माझ्याकडे पाहिलं.  मग तिने मला कडीसकट मुठीत धरलं, हात डोक्यावर नेला आणि हलवलं. असं हलवलं, की माझी जीभ तुटते की काय असं मला वाटलं. आणि ती ओरडली. मी त्या डोंगरावर अस्वलांचं ओरडणं ऐकलं आहे, वादळ ऐकलं आहे. पण तो आवाज काही वेगळाच होता.

"मी ठीक नाही! मी अजिबात ठीक नाही! मला वर काढा!"

पावलं थांबली. मग धावत परत आली.

"कुठे आहेस?"

"वाटीत!"

"अगं माझे आई!" आजोबा काठावर गुडघे टेकून ओरडले. "बसू नकोस! डोकं खाली घालू नकोस! वर तोंड कर आणि वर सरकायला लाग!"

"पाय मुरगळलाय!"

"दुसरा आहे ना? हात आहेत ना? सरक! मी खाली येणार नाही, सांगून ठेवतो. मी खाली आलो तर दोघांनाही बाहेर काढायला तिसरा लागेल. दोरी टाकतो ती धर. आणि घंटी वाजवत राहा. मला तू दिसत नाहीस!"

कोंबांचं गाठोडं बांधलेली दोरी त्यांनी सोडली आणि खाली फेकली. दिवसभर तोडलेले कोंब उतारावरून घरंगळत आमच्याजवळून गेले. हिसानोने दोरी मनगटाला गुंडाळली. मी तिच्या पिशवीला लटकत होते आणि तिच्या प्रत्येक झटक्याला वाजत होते. आजोबा माझ्या आवाजाच्या रोखाने दोरी ओढत होते. "इकडे नाही, इकडे! हां! अजून! दमलीस तर शिव्या दे मला, पण थांबू नकोस!"

शेवटी त्यांच्या हाताला तिचं मनगट लागलं.

काठापासून लांब, जंगलाच्या तोंडाशी वारा होता. तिथे हिसानो कितीतरी वेळ नुसती श्वास घेत बसली. मग तिचं पहिलं वाक्य आलं. "तुमचे कोंब गेले. माफ करा. तुम्हाला फार त्रास दिला."

"त्रास?" आजोबा आपली रिकामी दोरी गुंडाळत म्हणाले. "तू ओरडलीस म्हणून एका म्हाताऱ्याचं काम झालं. गप्प बसली असतीस, तर रात्री तात्सुए सगळ्या गावाला उठवून वर घेऊन आली असती. चार दिवस आम्ही झुडपं उपसत बसलो असतो आणि शेवटी तुझ्या नवऱ्याला फोन करायची पाळी माझ्यावर आली असती. तो खरा त्रास. कळलं?"

हिसानो रडू लागली. आजोबा गोंधळले. "अगं, कोंबांचं एवढं नको मनाला लावून घेऊस," ते म्हणाले.

त्यांच्या खांद्याचा आधार घेत, लंगडत आम्ही खाली आलो तेव्हा तात्सुएबाई रस्त्यावरच उभ्या होत्या. माझा आवाज त्यांना वळणावरूनच आला होता. "ही कुठली घंटी?" त्या पुटपुटल्या. मग मला पाहून म्हणाल्या, "तू? आणि इतकी वाजतेस?" डॉक्टर आले, त्यांनी हिसानोचे डोळे आणि छाती तपासली, पायाला पट्टा बांधला आणि दोन दिवस पडून राहायला सांगितलं. भाताच्या भांड्याचं झाकण उघडलं, तेव्हा सगळे पाहुणे आपापल्या जागी बसून होते. कोणीही भूक लागल्याचं म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिगेओ मोटारीने आला. हातात रंगीत कागदात बांधलेले मिठाईचे डबे होते. दारात येताच तो कमरेत वाकला. तात्सुएबाईंपुढे वाकला, कान्जी आजोबांपुढे वाकला. "आमच्या हिच्यामुळे तुम्हा सर्वांना फार त्रास झाला. मी हिला सांगितलं होतं. ऐकलं नाही."

"मिठाई घेतो," आजोबा म्हणाले, "पण माफी परत घेऊन जा. ती ठेवायला माझ्या घरात जागा नाही."

हिसानो काठी टेकत आतून आली. नवऱ्याला पाहून तिचा चेहरा उजळला, ते मी पाहिलं. त्यानेही तिला पाहिलं. मग त्याने तिच्या पायाकडे बोट केलं. "दुखतंय?"

"हो," ती म्हणाली. "खूप दुखतंय."

हे उत्तर त्याला नवीन होतं.  "चल, गाडीत बस. मागची सीट रिकामी केली आहे. झालं तेवढं पुरे."

"तुम्ही आलात, फार बरं वाटलं," हिसानो म्हणाली. "आज राहा. इथलं जेवण खाऊन बघा. पण उद्या तुम्ही मोटारीने जा. मी आगगाडीने येईन. जसं ठरवलं होतं तसं, मोरिओकावरून."

"या पायाने?"

"पायाने नाही. आगगाडीने."

कान्जी आजोबा मोठ्याने हसले. तात्सुएबाईंनी त्यांना कोपर मारलं.

शिगेओ मात्र हसला नाही. त्याचा आवाज खाली आला. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच तो इतका हळू बोलला असेल. "आणि वाटेत अडलं काही, तर?"

हिसानोने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"तर हाक मारीन."

 शिगेओने बूट काढले आणि तो आत येऊन बसला.

मित्रांनो, त्या संध्याकाळी तात्सुएबाईंनी मला मांडीवर घेतलं. कोरड्या ब्रशने गंज झाडला, चहाच्या कडक पाण्याने पुसलं, मंद विस्तवावर ऊब दिली आणि तेलाचं बोट फिरवलं. लोखंडाला एवढंच पुरतं. तुमच्या घरीही माझ्यासारखं काही जुनं, गप्प पडलेलं असेल. ते बिघडलंय असं समजून कोपऱ्यात टाकू नका. ते कशाने आखडलं आहे, ते एकदा उजेडात धरून पाहा. आणि डोंगरावर जाल तेव्हा आम्हाला मोकळेपणी वाजू द्या. एखाद्याने मान वळवून पाहिलं, तर पाहू द्या. तुमच्याबरोबर एखादं हळू बोलणारं माणूस असेल, तर "ठीक आहे ना?" असं एकदाच विचारून पुढे जाऊ नका. थोडं थांबा. पुन्हा विचारा.